सहाव्या पानावरचं हेडर

मी बावीस वर्षांची होते आणि डिचोलीत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करत होते. घर पेडण्याला, पण रोजची ये-जा जमेना म्हणून मावशीकडे राहायचे. गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती, आणि ऑफिसात कॉम्प्युटर येऊन जेमतेम सहा महिने. टाइपरायटर मी डोळे मिटून चालवला असता. कॉम्प्युटरची मात्र सकाळी चालू करतानाही भीती वाटायची.

आमचं कोर्टाचं काम इंग्रजीत चाले. मराठीत क्वचितच काही टाइप करावं लागे, आणि ते सगळ्यात कटकटीचं. मराठी फॉन्ट एकदा बसवला तरी ओळी हलत, समास बिघडत. म्हणून एखादी मराठी फाईल नीट जमली की मी तीच पुन्हा वापरायचे. जुना मजकूर पुसायचा, नवा घालायचा, नवीन नावानं ठेवायची. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या महिन्यात एक बाई ऑफिसात यायच्या. चोपड्याच्या पलीकडे, मांद्र्याच्या वाटेवरच्या गावातल्या. म्हापशाला बाजाराला जाते सांगून घरातून निघायच्या आणि डिचोलीची बस धरायच्या. त्यांना नवऱ्यापासून फारकत हवी होती. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वकिलांनी त्यांचं निवेदन आधी मराठीत करून घेतलं, त्यांना वाचून दुरुस्त करता यावं म्हणून. चार पानं मजकूर, आणि शेवटी दोन आडवी पानं. त्या आडव्या पानांवर एक तक्ता होता. तारीख, काय झालं, डॉक्टरकडे गेल्या का. तक्त्याच्या पानांना मी वेगळं हेडर, म्हणजे पानाच्या माथ्यावर छापली जाणारी ओळ, दिलं होतं. बारीक अक्षरांत बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘मारहाणीच्या तारखांचा तक्ता’.

त्याच गावच्या देवस्थान समितीचा मामलेदारांना एक अर्ज करायचा होता. समितीचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मास्तर. अर्ज मराठीत, आणि शेवटी देवळातल्या समया, घंटा, पालखीचं सामान यांची लांब यादी. मी बाईंची फाईल उघडली. मजकूर पुसला, पहिल्या पानांवरचं हेडर पुसलं, आणि तारखांच्या रकान्यांत समया भरल्या. सहा प्रती छापल्या, एक ऑफिसला ठेवली आणि पाच टाचून मास्तरांच्या हातात दिल्या. ते संध्याकाळच्या बसनं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसची सहावी प्रत फाईलला लावायला पंच करत होते, तेव्हा शेवटचं पान दिसलं. वर बारीक अक्षरांत दोन्ही नावं आणि ‘मारहाणीच्या तारखांचा तक्ता’. खाली पितळेच्या समया, नग चार.

मी अर्जाखालची सह्यांची नावं पाहिली. बाईंचा नवरा त्याच समितीचा उपाध्यक्ष होता.

वकील पणजीला कोर्टात गेले होते, संध्याकाळपर्यंत यायचे नव्हते. मास्तरांकडे फोन नव्हता. आधी हे नीट छापून घ्यावं आणि स्वतः जावं, एवढंच मला सुचलं. कॉम्प्युटर चालू केला. फाईल उघडली. सहाव्या पानावर गेले. पडद्यावर हेडर नव्हतंच. समयांची यादी होती आणि वर कोरी जागा. म्हटलं, आपोआप गेलं असेल. छापलं. प्रिंटरमधून पान सरकत बाहेर आलं आणि वर तीच ओळ.

जे पडद्यावर नाही ते कागदावर कुठून येतं? मी फाईल बंद करून पुन्हा उघडली. पहिल्या पानावर जाऊन हेडर उघडलं, ते रिकामं. पाचव्या पानावर उघडलं, तेही रिकामं. पुन्हा छापलं. पुन्हा तीच ओळ, तीच दोन नावं. मला रडू यायला लागलं. त्यात लाईट एकदा मिणमिणली आणि यूपीएस ओरडायला लागलं. मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून उभी राहिले.

मग ड्रॉवरमधून कॉम्प्युटर क्लासची वही काढली. त्यात एका कोपऱ्यात लिहिलेलं सापडलं: नॉर्मल व्ह्यूमध्ये हेडर दिसत नाही. मी पेज लेआउट लावलं. तेव्हा सहाव्या पानावर ती ओळ फिकट राखाडी रंगात दिसली. खालच्या पट्टीवर ‘सेक्शन दोन’ असं येत होतं. आडव्या पानांसाठी मीच तिथे फाईल तोडली होती, म्हणजे त्या दोन पानांचं हेडर वेगळं होतं. शिवाय ‘पहिलं पान वेगळं’ अशी खूण केलेली होती, म्हणून पाचवं पान कोरं आणि सहाव्यावर सगळं. मी ‘सेम ॲज प्रीव्हियस’चं बटण दाबलं. हे हेडर पुसून आधीच्याला जोडू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी ‘हो’ दाबलं आणि ओळ गेली.

खाली फूटर पाहिलं तर पानांचे आकडेही चुकलेले. चारनंतर पाच यायच्या जागी परत एक, मग दोन. दुसऱ्या सेक्शनला नव्यानं मोजायला सांगितलेलं होतं. ते मी बदललं आणि सगळं पुन्हा छापलं. सगळी पानं खिडकीपाशी उजेडात धरून वरपासून खालपर्यंत तीनदा बघितली आणि पाच प्रती घेऊन निघाले.

डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली. तेव्हा तिथे नदीवर पूल नव्हता. फेरीबोट पलीकडच्या चोपड्याच्या काठाला उभी होती आणि सुटायचं नाव घेत नव्हती. मी काठावर उभी राहून तिच्याकडे बघत होते. बाईंच्या मनगटावरचा डाग मी पाहिला होता. तो तक्ता मी स्वतः टाइप केला होता, त्यातली एकेक ओळ मला पाठ होती.

मास्तर ओसरीवर बसले होते. मी त्यांच्याकडच्या एका प्रतीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. चष्मा काढला.

“चार माझ्याकडे आसत,” ते म्हणाले. “पाचवी सकाळीच सहीक दिली.”

“कोणाला?”

“त्याकाच.”

मास्तरांनी शर्ट चढवला आणि माझ्याबरोबर शेजारच्याच घराकडे निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, “तू बोलू नको, बाय. मी बोलतां.”

दार बाईंनीच उघडलं. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दाराची कडी त्यांनी हातात तशीच धरून ठेवली. मी ऑफिसातून त्यांच्या दारात आलेय, म्हणजे काहीतरी फुटलं, हे त्यांना कळलं असणार. आतून आवाज आला, “कोण गो?”

“देवळाचे कागद घेवन मास्तर आयलेत,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा.

नवरा बाहेर आला. धिप्पाड, नुकतीच आंघोळ केलेला, हसतमुख. ते हसू पाहून मला जास्त भीती वाटली.

“कागद बदलूक हाडलेत,” मास्तर म्हणाले. “पानांचे आकडे चुकले.”

“माका दिसलाच ता,” तो म्हणाला. “चारच्या फुडे परत एक.”

म्हणजे त्यानं पानं उलटली होती. खालचा आकडा पाहिला होता. मग वरची ओळ? त्यानं कपाटावरची जुनी प्रत आणून माझ्या हातात दिली, नवी घेतली आणि अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान मोजलं.

“ह्यात एक पान चड आसा,” तो म्हणाला. “त्यात पाच होती. हंय सहा.”

मला काहीच कळेना. मास्तर म्हणाले, “सामानाची अर्धी यादी रवली होती.” तो माझ्याकडे बघत राहिला. बाई माझ्या मागे, दाराशी उभ्या होत्या. मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, इतकं शांत. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

परतीच्या फेरीबोटीत मी जुनी प्रत उघडली. पाचच पानं. टाचणीखाली कागदाचा एक लहानसा कपटा अडकला होता. सहावं पान कोणीतरी ओढून काढलं होतं. कोणी, ते कळायला मार्ग नव्हता. त्यानंच काढून ठेवलं असेल आणि आम्हाला खेळवत असेल, असं मनात आलं. मी बोटीच्या कठड्याला धरून खाली बसले.

संध्याकाळी वकिलांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं मला आणखी वाईट वाटलं. “उद्या बाईंना निरोप कसा पाठवायचा, ते बघू,” एवढंच म्हणाले.

निरोप पाठवायची वेळ आली नाही. सकाळी ऑफिस उघडायला गेले तर बाई पायरीवर बसल्या होत्या. जवळ कपड्यांची पिशवी. त्यांनी पोलक्यातून आठ घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. सहावं पान.

“घरात येता तो दर एक कागद मी पयलीं वाचतां,” त्या म्हणाल्या. “तो न्हाऊक गेल्लो, तेव्हा काढलो.”

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला अडवलं नाही, उठवलंही नाही. म्हणाल्या, “आणखी खंय गेला काय ता पान?”

“नाही. बाकी चारही प्रती मास्तरांकडे होत्या. त्यांनी माझ्यादेखत जाळल्या.”

“मास्तरांनी वाचला?”

“हो.”

त्यांनी कागदाची परत घडी घातली. मग म्हणाल्या, की काल आम्ही गेल्यावर दिवसभर नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकत होत्या, आणि पहाटे वाटलं की आता या घरात आणखी एक दिवस निघणार नाही. वकिलांनी त्यांना पुढच्या महिन्यात, कोर्टाचे कागद तयार झाल्यावर घर सोडायला सांगितलं होतं. माझ्या चुकीमुळे त्या आधीच निघाल्या, हातात काही पुरावा नीट जमलेला नसताना. नवऱ्याच्या वकिलानं पुढे, पुराव्याशिवाय आपणहून घर सोडलं, याचाच मुद्दा केला.

दाव्याला तीन वर्षं लागली. मास्तर साक्षीला आले. देवळाच्या कागदाबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. शेजारच्या घरातून जे ऐकू यायचं तेवढं त्यांनी कोर्टात सांगितलं, आणि ते गावातलं पहिलंच माणूस होतं तसं सांगणारं. बाईंना फारकत मिळाली. त्या साखळी गावी बहिणीजवळ राहायला गेल्या.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात त्या मला भेटल्या. मी पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुका बघून त्या दिसा माझो जीव गेल्लो.” त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. मग बहिणीनं हाक मारली आणि त्या बसकडे गेल्या.