एकदाच पडलेला घोडेस्वार

अण्णा, म्हणजे माझे सासरे, दुपारी टीव्हीवर जुने काउबॉयपट बघतात. या आठवड्यातल्या तिसऱ्या सिनेमातही तोच नट घोड्यावरून आपटला, तेव्हा मी म्हणाले, "याची हाडं शिल्लक तरी कशी राहिली?"

"अगं, तो एकदाच पडलाय. स्वस्तातले सिनेमे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा जोडायचे. मागचं झाडसुद्धा तेच आहे बघ. पुढे म्हातारा होईपर्यंत घोडा दौडवला त्याने."

मला हायसं वाटलं. अण्णाही बाथरूममध्ये गेल्या वर्षी एकदाच पडले होते. माझ्या डोक्यात मात्र ते रोज पडत होते, आणि मी रोज दाराबाहेर उभी राहत होते.

अण्णा काठी घेऊन उठले. "दाराशी येतेस ना?"

"नाही, तुम्ही जा," मी म्हणाले आणि सिनेमा बघत बसले.