पाण्यावर उभी राहणारी फळीमावशी

चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा काही भरवसा नाही. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागलं तर समजून घ्यावं. मला फक्त फळीमावशीबद्दल लिहून ठेवायचं आहे. ती पाण्यावर उभी राहायची.

डुमसच्या किनाऱ्यावर लाट मागे फिरली की काळ्या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो. मावशी साडीचा काष्टा खोचायची, हातातली फळी त्या थरावर सोडायची, तिच्यामागे पळत जाऊन तिच्यावर चढायची आणि हात पसरून किनाऱ्याच्या कडेकडेनं सरळ घसरत जायची. जाता जाता मध्येच फिरकी घ्यायची आणि आमच्याकडे तोंड करून उलटी जायची, हसत. चाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली बाई. बघणारे भजी खायचे थांबायचे.

उधन्यात आमच्या खोल्यांच्या ओळीत शेजारचीच खोली तिची. तिचा नवरा आणि माझे वडील एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात कामाला, दोघंही धुळ्याकडचे. आई, मी आणि मावशी घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचो. मावशीला मूलबाळ नव्हतं. ओळीतल्या बायका तिच्याकडून विरजण न्यायच्या, पण ओटी भरायला किंवा हळद लावायला तिला बोलवत नसत. माझी आईही नाही. अशा दिवशी ती दार लोटून फळी घासत बसायची.

ती फळी म्हणजे जुन्या कपाटाच्या पाठीचं प्लायवूड. मावशीनं ते लांबट गोल कापून घेतलं होतं, कडा ओट्याच्या दगडावर घासल्या होत्या आणि खालून मेणबत्ती चोळली होती. डुमसचे कोळी चिखलातले मासे धरायला फळीवर गुडघा टेकून जायचे, ते पाहून तिला हे सुचलं. "गुडघा टेकीसन जातस, मंग उभं ऱ्हाईसन का बरं नही?" असं तिनं एका कोळ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, पडाल. मावशी म्हणाली, पडू.

आमच्या खात्याला अमावास्येची सुट्टी असायची. रोज लूमच्या खडखडाटात गाढ झोपणारी माणसं त्या दिवशी शांततेनं लवकर जागी व्हायची. मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, मात्र दिवसभर झोपायचे. मावशी माझ्या दारात येऊन म्हणायची, "चाल वं, कान धुई येऊत." अमावास्येला ओहोटीला समुद्र लांब आत जातो आणि वाळू दूरपर्यंत उघडी पडते. तिची सुट्टी आणि समुद्राची सुट्टी एकाच दिवशी, असं ती म्हणायची.

मी फार लाजरी. पाहुणे आले की दाराआड जायची. चालतानाही नजर पायाच्या बोटांवर. सुरुवातीच्या दोन-तीन अमावास्या मी नुसती मावशीच्या चपला सांभाळत बसले. मग एकदा मीच हळूच म्हटलं, मलाही करायचंय. तिची फळी मागायची लाज वाटली, म्हणून पुढच्या वेळी घरातला जेवायचा पाट पिशवीत घालून नेला. भजीवाला पाट बघून गुजरातीत ओरडला, "मासी, छोकरी जमवा बेसवानी छे के?" मी खरंच जेवायला बसल्यासारखीच आपटले. पाटाला खालून पाय असतात, ते वाळूत रुतले आणि मी पुढे तोंडावर पडले. मावशी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग माझ्या नाकातली वाळू पदरानं पुसत म्हणाली, "पाय तुले शेतस ना? मंग पाटले कशाले पाहिजेत?"

तिनं स्वतःची फळी दिली. मी ती फेकायचे, तर कड वाळूत घुसायची. तिनं विचारलं, "भाकर कशी टाकस तवावर?" मी हातानं करून दाखवलं. भाकरी आपण फेकत नाही, तव्याजवळ नेऊन हात खालून काढून घेतो, ती सगळीकडून एकदम टेकते. "तशीच सोड." त्या दिवशी फळी पहिल्यांदा आपली आपण पुढे गेली.

मग चढणं. मी उडी मारायचे, फळी पुढे निसटायची आणि मी मागे बसायचे. मावशी म्हणायची, "कुदू नको. घरमा शिरस तशी शिर." म्हणजे पळता पळता एक पाय, लगेच दुसरा, गुडघे थोडे वाकलेले. तेवढं जमलं तरी मी पडायचे, कारण मी पायाकडे बघायचे. ती किनाऱ्यावरून ओरडायची, "पायकडे नको दख, मव्हरे दख!" पुढे बघणं मला सगळ्यात अवघड गेलं. पुढे माणसं असायची.

अशातच माझं लग्न ठरलं. सासर शिरपूरकडचं, आत खेड्यात. तिथून समुद्र कुठला दिसणार. मधे एकच अमावास्या उरली होती. एकदा तरी न पडता शेवटपर्यंत जायचं आणि जमलं तर फिरकी घ्यायची, एवढंच माझ्या मनात होतं. पण आईला तोवर फळीचं कळलं. ती मावशीच्या दारात जाऊन म्हणाली, "लगीन जमेल पोर आमावस्याले समिंदरवर लई जास? तुले काय, तुनं काय जास?"

मावशी धागे कापत होती. कात्री थांबली. ती एवढंच म्हणाली, "मनं काहीच नही जात, खरं शे. तू बी चाल. तुनी पोर तू संभाळ."

आई खरंच आली. माझी वेणी घट्ट घालून, लिंबू-मिरची पिशवीत घेऊन. किनाऱ्यावर ती पाण्याकडे पाठ करून बसली. मावशीनं मला फळी दिली आणि या वेळी काही शिकवलं नाही. मी लाट मागे जायची वाट पाहिली. पाणी आरशासारखं पातळ झालं. फळी सोडली, पळाले, घरात शिरावं तशी तिच्यावर शिरले. समोर भजीवाला होता, उंटवाला होता, कुठली तरी पोरं होती. मी त्या सगळ्यांकडे बघितलं. पायाखाली पाणी सरसर वाजत होतं, लूमसारखं नाही, कढईत तेल तापल्यावर फोडणी पडते तसं. खांदे वळवले तशी फळी वळली, आणि मला मागे राहिलेली मावशी दिसली, तिच्या शेजारी आई दिसली. मी उलटी जात होते. मग फळी आपोआप थांबली आणि मी उतरले.

आई उठून उभी होती. तिचा पदर वाऱ्यानं डोक्यावरून पडला होता. ती मोठ्यानं म्हणाली, "आखो एक डाव कर. मनं ध्यान नव्हतं." मावशीनं तोंडाला पदर लावला, कारण आई कधीच पाण्याकडे तोंड करून वळली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं.

हळदीच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. आईनं हळदीची वाटी घेतली आणि सगळ्यांच्या मधून जाऊन शेजारच्या लोटलेल्या दारावर थाप मारली. मावशीला हाताला धरून आणलं. कुणीतरी पुटपुटलं, हिला कशाला पहिली. आई म्हणाली, "तिनी मनी पोरले उभं ऱ्हावाले शिकाडं." तिनं माझ्या पायांना हळद लावली, मग गालांना, आणि माझी हनुवटी वर उचलली. मला तिचं "मव्हरे दख" ऐकू आलं.

सासरी जाताना सामानात साडीत गुंडाळलेली फळी होती. सासूबाईंनी विचारलं हे काय, तर मी मान वर करून सांगितलं, माझ्या मावशीनं दिली आहे. पुढे काका गेल्यावर मावशी गावी परतली आणि तिथेच वारली. मला फार उशिरा कळलं.

आता आम्ही परत इकडे, उधन्याजवळच्या सचिन गावात राहतो. परवा मुलगी भाकरी टाकत होती, प्रत्येक वेळी कड दुमडायची. मी सहज म्हटलं, "फेकू नकोस, फळी सोडतात तशी सोड." तिनं विचारलं, "कोणती फळी?" मी माळ्यावरून फळी काढली, धूळ पुसली आणि घरातली मेणबत्ती घेऊन खालून चोळायला बसले. ती तवा उतरवून माझ्यासमोर बसली. अमावास्या जवळ आली आहे. तिला म्हटलं, पंजाबी ड्रेस घाल, आणि पाट घेऊ नकोस.