विसार परत मागायला गेलो

माझं लग्न मी मोडलं, त्याला कारण एक चारचाकी. साखरपुड्यानंतर मुलाकडच्यांनी सुचवलं, की मुलगा रोज पुण्याला कामाला जातो, दुचाकीवर त्याचे हाल होतात, तेव्हा लग्नात मुलीकडून एखादी गाडी झाली तर शेवटी मुलीलाच बसायला होईल. मी मुलाला फोन करून सांगितलं, की मला बसायला एसटी आहे. त्यानंतर जे बोलणं झालं त्यात लग्न मोडलं. ते फार सोपं गेलं. अवघड गेलं ते मंगल कार्यालयाच्या मालकाकडून विसाराचे पन्नास हजार परत घेणं.

पैसे माझे होते. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी सुटे भाग तपासते. तिन्ही शिफ्ट करून साठवलेले होते. आम्ही मांडवगण फराट्याचे, पण मुलाकडच्यांना जवळ पडावं म्हणून कार्यालय दौंडच्या रस्त्याला घेतलं होतं. आम्ही बौद्ध, आमच्याकडे मुहूर्त बघत नाहीत, रविवार बघतात. म्हणून मालकानं पंचांगात तिथी नसलेला एक रविवार आम्हाला थोडा स्वस्तात दिला होता. पावतीच्या मागे छापलं होतं, की महिनाभर आधी कळवल्यास विसार परत मिळेल. मी तीन महिने आधी कळवलं होतं.

आता खरं सांगायचं तर प्रश्न नुसता पैशाचा नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावात सगळ्यांना सांगत होते, “लगीन पुढं ढकललंय.” डेअरीवर सांगत, पिठाच्या गिरणीत सांगत, न विचारणाऱ्यालाही सांगत. कार्यालयात विसार जमा आहे तोवर लग्न मोडलेलं नाही, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे भेटेल ती बाई मला नवी तारीख विचारायची. मला ते पैसे घरात आणायचे होते, म्हणजे आप्पांच्या तोंडून एकदा तरी ‘मोडलं’ हा शब्द निघेल आणि मी पुढं ढकललेली नवरी म्हणून फिरायची थांबेन.

मालक एरवी फोन उचलायचा नाही आणि कार्यालयाला कुलूप असायचं. तो हमखास सापडायचा तो लग्नाच्या दिवशी. म्हणून आप्पा आणि मी तिथीच्या दिवशी दुचाकीवरून नदी ओलांडून जायचो. दारात कुणाच्या तरी लग्नाची कमान, सनई, अत्तर शिंपडणारी मुलं, आणि त्यात पैसे मागायला आलेले आम्ही दोघं. मालक लांबूनच हात जोडायचा.

“या आप्पा, या! आदी जेवून घ्या. उपाशीपोटी पैशाचं बोलू न्हाई.”

“आम्ही जेवायला आलो नाही,” मी म्हणायची.

“आवो ताई, दारात आलेला मानूस न जेवता गेला तर ह्या नवरा-नवरीला बरं हाय का?”

ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा दोन जिवांचा संसार आमच्या जेवणावर अडलेला. आप्पा तोवर पंगतीत बसलेले असायचे. जेवून हात धुवून यावं तर मालक गायब. कधी जनरेटर बंद पडलेला, कधी वरातीचा घोडा बुजलेला, एकदा तर भटजींचीच गाडी पंक्चर. मला त्या माणसाचा इतका राग यायचा, की मी रागारागात दोन जिलब्या जास्त खायची.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून आम्ही सरावलो. आप्पा इस्त्रीचे कपडे घालू लागले. मी कंपनीच्या गणवेशात जायची ती साडी नेसून जाऊ लागले, कारण लोक बघत होते. आप्पा फुकटचं खाणारा माणूस नव्हे. प्रत्येक लग्नात एकशे एक रुपये पाकिटात घालून, वर आमचं नाव आणि गाव लिहून आहेर करायचे. म्हणजे पैसे वसूल करायला जायचं आणि उलट पैसे देऊन यायचं. मी भांडले तेव्हा म्हणाले, “पोरी, अन्न खाल्लंय त्येंचं.”

एका लग्नात कहर झाला. नवरीचा मामा चौफुल्याला ट्रॅफिकमध्ये अडकला. भटजी घाई करत होते, पुढचा मुहूर्त त्यांना यवतला गाठायचा होता. नवरीमागे मामा म्हणून कुणाला उभं करायचं यावर गोंधळ सुरू झाला आणि मालकानं थेट आप्पांना फेटा बांधला. मी म्हटलं, “आप्पा, आपला यांच्याशी संबंध काय?” आप्पा म्हणाले, “मान्साचं काम आडलंय. संबंध मागून बघू.” आणि खरंच उभे राहिले. मंगलाष्टकं होईपर्यंत त्या परक्या पोरीच्या मागं इतके गंभीर होऊन उभे होते, की नवरी निघताना त्यांच्या गळ्यात पडून रडली. आप्पाही रडले. मी खुर्चीत बसून मालकाला शोधत होते. त्या घरातून अजून आम्हाला बारशाची, जावळाची बोलावणी येतात.

शेवटी कंपनीतल्या मैत्रिणीनं वाट दाखवली. ग्राहक आयोग पुण्याला आहे, म्हणाली, तिथं जायची वेळ आली तर जाशीलच. आधी कार्यालय आहे त्या तालुक्याच्या कोर्टात लोकअदालतीसाठी अर्ज दे. दावा न लावता मिटवायची प्रकरणं तिथं घेतात. वकील लागत नाही, फी नाही. फक्त दोघांनी कबूल केलं तरच मिटतं. मी अर्ज दिला. पावती आमच्या दोघांच्या नावानं होती, म्हणून आप्पांचीही सही लागत होती; ती करायला त्यांनी तीन दिवस लावले. पेन चालत नाही, म्हणाले.

लोकअदालतीच्या दिवशी दौंडच्या कोर्टात जत्रा होती. बँकेची प्रकरणं, वीजबिलं, बांधावरची भांडणं, सगळी एकाच व्हरांड्यात. आमच्या टेबलावर एक न्यायाधीश होते आणि त्यांच्या शेजारी पंच म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. मालक कडक पांढऱ्या कपड्यात आला आणि सवयीनं न्यायाधीशांनाच म्हणाला, “या साहेब, बसा.” ते बसलेलेच होते.

मी पावती पुढं केली. न्यायाधीशांनी ती उलटसुलट वाचली आणि मालकाला विचारलं, “मुदतीत कळवलंय. मग पैसे का दिले नाहीत?”

“साहेब, त्या रविवारी दुसरं कोन लगीन करनार? तिथी न्हाई, कायी न्हाई. माजा हॉल मोकळा गेला.” मग त्यानं मोबाइल काढला. “आन् दुसरं म्हंजी, ह्येंनी सेवा घेतलेली हाय.”

“कसली सेवा?”

मालकानं मोबाइल टेबलावर ठेवला. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडून त्यानं आमचे तुकडे गोळा केले होते. मागं सनई, आणि आप्पा ताटात भात कालवताहेत. आप्पा मठ्ठ्याचा पेला उचलताहेत. मी, साडीत, वाढप्याला थांबवून जिलबी घेते आहे, आणि चेहऱ्यावर राग असला तरी हात पुढंच आहे. एक तुकडा वरून ड्रोननं घेतलेला; त्यातही आम्ही जेवतोच आहोत. शेवटी फेट्यातले आप्पा, डोळे पुसताना.

“हे कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नवरीचा मामा,” मालक म्हणाला. मग गडबडीनं, “म्हंजी हेच. अर्जदार.”

शेजारच्या टेबलावरची वीजबिलाची मंडळी काम सोडून आमच्याकडे बघू लागली. मालकाचं म्हणणं असं, की इतक्या वेळा दोन-दोन ताटं, ताटाचा दर अमुक, ते वजा करावं. मुख्याध्यापकांनी कागद घेऊन गुणाकार मांडला. त्यांना असं काहीतरी मिळायलाच हवं होतं. “बुफे होता की पंगत?” त्यांनी विचारलं, “दरात फरक पडतो.”

“पंगत,” आप्पा म्हणाले. “आन् मागल्या येळंला जिलबी संपली व्हती गुरुजी. ती धरू नका.”

“आप्पा!” मी ओरडले. मग साहेबांना म्हणाले, “साहेब, ते जेवण मालकाचं नव्हतंच. त्या त्या मुलीच्या वडिलांनी पैसे भरले होते. हे कशाचे पैसे कापतात?”

न्यायाधीश म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. मग तुम्ही त्या वडिलांचं देणं लागता.”

“आहेर केलाय साहेब!” आप्पा उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात आलेला माणूस, पण आता त्यांच्या इज्जतीचा प्रश्न होता. “परत्येक लग्नात एकशे एक! नाव-गाव लिवून!”

“मग तो आहेर वसूल करण्यासाठीही अर्ज आहे का?” न्यायाधीशांनी चष्मा काढत विचारलं. मुख्याध्यापकांनी गुणाकाराखाली वजाबाकी सुरू केली होती, ती न्यायाधीशांनी हातानं थांबवली.

मग मालकानं हुकमाचं पान टाकलं. “साहेब, मला बी पोरी हायत. मी पैसं बुडवनारा न्हाई. विसार जमा र्‍हाऊ द्या. ताईंचं लगीन कवाबी ठरू द्या, कुठलाबी रविवार देतो. साऊंड फुकट, जनरेटर फुकट, स्टेज फुलांचं. मुदत न्हाई.”

टेबलावर आनंद पसरला. मुख्याध्यापक म्हणाले, वा. न्यायाधीशही हसले. “चांगला प्रस्ताव आहे. लग्न काय, आज ना उद्या करायचंच आहे की तुम्हाला.” वीजबिलवाल्यांपैकी एकानं मान डोलावली. आख्ख्या व्हरांड्यानं माझं लग्न लावायला घेतलं होतं.

“नको,” मी म्हटलं. “मला लग्न करायचंय की नाही, ते मला अजून माहीत नाही. पैसे माझे आहेत, एवढं माहीत आहे. ते मला घरी न्यायचेत.”

मालकानं आप्पांकडे हात केला आणि चिडून म्हणाला, “आप्पा, आता बोला की! साहेब, मी कवाच दिलं असतं. ह्येच म्हनले व्हते मला, देऊ नका म्हनून!”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दर खेपेला मी हात धुवायला जायची, तेवढ्यात आप्पा मालकाला गाठायचे. जनरेटर, घोडा, भटजींची गाडी, सगळं आप्पांच्या संमतीनं बंद पडत होतं. अर्जदार क्रमांक दोन हा पहिल्यापासून समोरच्या पार्टीचा माणूस होता.

“खरं आहे का हे?” न्यायाधीशांनी विचारलं.

आप्पा उभेच होते. “व्हय साहेब.” “पैसं परत आनलं म्हंजी लगीन मोडलंच की. मला वाटलं, पडू द्यात तिथंच. पोरीचं मन फिरल.” माझ्याकडे न बघता म्हणाले, “लोक काय म्हंतील त्येचं भ्या वाटत व्हतं. तिला न्हाई वाटत. मला वाटतं.”

मी रागावले होते. जन्मात इतकी रागावले नव्हते. आणि त्याच वेळी मला त्या माणसाची मायाही येत होती. ऊन-पावसात माझ्यामागे दुचाकीवर बसून, परक्या लग्नांत आहेर करून, त्यांनी माझं न होणारं लग्न जिवंत ठेवलं होतं. त्याचा मला काही उपयोग नव्हता, पण त्यांनी ठेवलं होतं.

“मग आता काय करायचं?” न्यायाधीशांनी मला नाही, त्यांना विचारलं.

“द्या साहेब. तिचं हायेत,” आप्पा म्हणाले. “समदं द्या. ताटं कापू नका.”

मालकाला एकदम हायसं वाटलेलं दिसलं. त्यानं तिथल्या तिथं मोबाइलवरून पैसे टाकले, सगळे, आणि वर विचारलं, की चहा तरी घ्याल ना. तडजोडीच्या कागदावर आप्पांनी सही केली. पेन चाललं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घेत उभे राहिलो, दोघं दोन दिशांना बघत. तेवढ्यात आमच्याच गावचे एक गृहस्थ, नदीच्या या काठच्या जमिनीच्या बांधाच्या प्रकरणासाठी आलेले, समोर आले. डेअरीवर आप्पांचं सांगणं रोज ऐकणाऱ्यांपैकीच एक.

“काय आप्पा, हिकडं कुठं? पोरीच्या लग्नाची तारीख धरली का न्हाई नवी?”

मी कप खाली ठेवला. आता ‘पुढं ढकललंय’ येणार, हे मला इतकं पाठ होतं, की माझेच ओठ हलले असतील.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. मग सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं. “मोडलं. तिनंच मोडलं. गाडी मागत व्हती मंडळी.”