आवाज बसला आणि फिंकेलस्टाइन राहिली

बारावीचा हॅलोजनचा धडा मी इतक्यांदा शिकवलाय, की फळ्यावर सँडमायर अभिक्रिया लिहिताना माझं निम्मं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं. सकाळी इस्लामपूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, संध्याकाळी कराडला खासगी क्लास. मागच्या वर्षी या धड्याच्या मधोमधच माझा आवाज गेला.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, "मॅडम, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही."

पण तास बुडला की मानधन बुडतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. 'आवाज बंद आहे, लिहून शिकवते,' एवढं फळ्यावर लिहिलं आणि पाठमोरी लिहीत राहिले. मागं गलका वाढत गेला. ओरडता येत नव्हतं. शेवटी खडू ठेवून खुर्चीत बसले. रडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी उठली. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. इथं मामाकडे राहून शिकायची.

"मॅडम, तुमी लिवा. मी मोठ्यानं वाचती."

मी फिंकेलस्टाइन अभिक्रिया लिहिली. अल्किल क्लोराइड, सोडियम आयोडाइड, कोरडं ॲसिटोन. तिनं वाचलं. मागून एकानं विचारलं, "पर ही अभिक्रिया उलटी का फिरत न्हाई?"

मी फळ्यावर परीक्षानळी काढली, तळाशी पांढरे ठिपके दिले. ती चित्राकडं बघत राहिली. मग वळून म्हणाली, "आरं, तयार झालेलं मीठ ॲसिटोनमधी इरगळत न्हाई. खाली बसतंय. मग माघारी फिरायला तितं कोण ऱ्हातंय?"

वर्ग हसला आणि लिहायला लागला. सँडमायरला मात्र मी लिहायच्या आधीच तिनं तांब्याची भुकटी सांगितली. मी डस्टर टेबलावर आपटला.

"चुकलं चुकलं!" ती जीभ चावून म्हणाली. "भुकटी गॅटरमन अभिक्रियेला. हितं क्युप्रस क्लोराइड."

महिनाभर आम्ही दोघींनी असाच वर्ग चालवला. आवाज परत आला, पण घोगरा. संध्याकाळचा क्लास मी कायमचा सोडला.

ती आता सांगलीला बीएस्सी करते. परवा तिचा फोन आला. "मॅडम, लय अवघड हाय हितं. समदं इंग्रजीत. सोडून घरी जावं वाटतंय."

"थांब," मी म्हणाले, "कुठं अडलंय ते आधी सांग."

पाऊण तास बोललो. फोन ठेवला तेव्हा घसा जळत होता. कोमट पाणी प्यायले आणि दिवा न लावताच आडवी झाले.