भिंतीचे काठ

आमची मुलगी पालथी पडायला लागली, त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात भिंतीच्या बुडातून विंचू निघाला. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. नाशकात आल्यापासून चार-दोन मारले होते. चप्पल हाताशी असली म्हणजे झालं. हाही मारला, चुलीत टाकला आणि तव्यावरची भाकरी उलटली. पण हे दारात उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ह्यांचा धाकटा भाऊ रांगायच्या वयात विंचू चावून गेला होता. तेव्हा हे सात-आठ वर्षांचे, आणि पोर खेळवायला ह्यांच्यापाशीच ठेवलेलं. ही हकिगत सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून ठेवली होती. ह्यांच्या तोंडून मात्र ती कधी निघाली नाही. त्या दिवशीसुद्धा हे एवढंच म्हणाले, "ह्या फटी बुजल्याशिवाय हिला जमिनीवर सोडायचं नाही." आणि पोरीला काखोटीला मारून ओसरीवर जाऊन बसले.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आम्ही पंचवटीत एका तीर्थोपाध्यायांच्या घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. वर त्यांचं बिऱ्हाड आणि त्यांचे यात्रेकरू. घरमालकीण काकूंना मी विंचवाचं सांगायला गेले, तर त्यांनी आधी चौकशी केली.

"कसा होता गं? काळा? मोठा?"

"नाही, पिवळटसर होता."

"मग हरकत नाही. काळा असेल तर मारू नकोस हो. तो आमचा जुना. मामंजींच्या वेळेपासून आहे. कुणाला काही करत नाही."

म्हणजे घरात आमच्याहून जुना भाडेकरू होता, आणि त्याची वागणूक आमच्यापेक्षा बरी होती. हे मी घरी येऊन हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत.

ह्यांची कारकुनी देवळाली कॅम्पात होती. तिथे एका बंगल्याची दुरुस्ती निघाली आणि ह्यांनी पाहिलं, की साहेबाच्या घरात भिंत जमिनीला टेकते तिथे चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. कसली फट नाही, कसला किडा नाही. जुन्या पट्ट्या काढून बाहेर टाकल्या होत्या, अस्सल सागवानी. साहेबाला विचारून हे त्या घेऊन आले. टांग्यात पट्ट्या मागून हातभर बाहेर आलेल्या, आणि हे त्यांच्यावर आडवे पडून त्यांना धरून बसलेले. रविवार कारंजापाशी ओळखीच्या एकाने टोपी काढून नमस्कारही केला म्हणे. त्याला वाटलं असावं, काही दुःखाचा प्रसंग आहे.

"ह्याला स्कर्टिंग म्हणतात," हे म्हणाले.

"मी काठ म्हणेन," मी म्हणाले. "भिंतीला काठ लावायचे. पदर कुठे काढणार तेवढं सांगा."

सुतार लावायला ह्यांची तयारी नव्हती. हे काम त्यांना स्वतःच्या हातांनी करायचं होतं आणि ते का, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्या बाबतीत तोंड उघडलं नाही. बाकी सगळ्या बाबतींत उघडलं.

करवत गल्लीच्या तोंडाशी टांग्यांची चाकं बनवणाऱ्या मुसलमान मिस्त्रींकडून आणली. ते रोज संध्याकाळी ह्यांना अडवून विचारायचे, "साहेब, हमारी करवत ठीक है ना?" आणि मग जरा थांबून, "आन् तुमची बोटं?" करवत ठीक होती. बोटांना मी हळद लावत होते.

सरळ तुकडे जमले. घोडं अडलं ते कोपऱ्यात. दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटतात तिथे दोन्हींची टोकं तिरकी कापावी लागतात, म्हणजे एकमेकींत बसून काटकोन होतो. ह्यांनी शाळेतली कंपासपेटी काढली, गुण्या लावून रेघ मारली आणि फार सुबक कापलं. एका पट्टीचा तिरकेपणा आत, दुसरीचाही आत. मग जोडल्या तर दोघी पाठ फिरवून उभ्या. पुढच्या वेळी दोन्ही बाहेर. हळूहळू पट्ट्या आखूड होत चालल्या आणि माझा सरपणाचा ढीग वाढत चालला. त्या आठवड्यात आमच्याकडे सागवानावर पिठलं शिजलं. असं भाग्य नाशकात दुसऱ्या कुणाचं नसेल.

शेवटी दोन टोकं अगदी नीट जुळली. हे आनंदाने ओरडले. पट्ट्या उचलून कोपऱ्यात नेल्या, तेव्हा कळलं की आमच्या कोपऱ्याला काटकोन माहीतच नाही. मातीची भिंत ती. कुणा पणजोबाने अंदाजाने घातलेली, मधे पोट सुटलेलं, कडेला कंबर गेलेली. साहेबाच्या सरळ भिंतीवरून उतरलेली पट्टी तिच्या पोटाला टेकायची आणि दोन्ही टोकांना अंग चोरून उभी राहायची.

खिळे तर मातीत ठरतच नव्हते. मग ह्यांनी भिंतीला भोकं पाडून लाकडी पाचरी ठोकायला घेतल्या. वर नेमका यात्रेकरूंचा संकल्प चालू होता. प्रत्येक ठोक्याला गुरुजींचं एक गोत्र चुकायचं. काकू धावत खाली आल्या.

"अहो भाऊ, हे काय चाललंय? वरची माणसं म्हणतात, घर पडतंय!"

"झालंच काकू, एवढी शेवटची."

"आणि लाकूड कसलं ते? आमच्या भिंतीला काय झालंय म्हणून तिला फळ्या बांधता?"

काकूंचं बरोबर होतं. हात मोडल्यावर वैदू फळ्या बांधतो, तशीच आमची खोली दिसत होती. पण एकदाच्या चारी भिंतींना पट्ट्या लागल्या. ह्यांनी काचकागदाने घासून त्या गुळगुळीत केल्या आणि मला बजावलं, "सारवताना ह्यांना शेणाचा हात लावायचा नाही. आता सारवण पट्टीपर्यंत. पट्टी कोरडी."

मी कबूल केलं. मग खाली वाकून पाहिलं, आणि जीभ आवरली नाही. भिंतीच्या वाकडेतिकडेपणामुळे पट्टीच्या मागे कुठे बोटभर, कुठे दोन बोटं पोकळी राहिली होती. कोरडी, अंधारी, ऐसपैस.

"आजवर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर होतं," मी म्हणाले. "तुम्ही त्याला चौसोपी घर बांधून दिलंत."

बोलले आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मला फार वाईट वाटलं. ह्यांनी करवत पुसली, परत देऊन आले आणि पोरीला कडेवर घेऊन उभेच राहिले. ती हात पसरून जमिनीकडे झेपावत होती, रडून घर डोक्यावर घेत होती. त्यांनी तिला खाली सोडलं नाही. पुढचे कितीतरी दिवस आमची पोर पाळण्यात, नाहीतर कुणाच्या तरी कडेवर. काकू विचारायच्या, "हिच्या पायात काही दोष आहे का गं?" मी दिवसा तिला जमिनीवर ठेवू शकले असते, हे कॅम्पात असायचे. पण नाही ठेववलं.

आमच्या माहेरी सारवायची एक पद्धत आहे. जमीन सारवत भिंतीपाशी आलं, की हात थांबवायचा नाही. तसाच वीतभर भिंतीवर चढवायचा आणि फिरवून खाली आणायचा. आईने हे लहानपणी हातावर चापट्या मारून शिकवलेलं. संक्रांतीच्या आधी मी सारवायला बसले. मनात दुसरंच काही होतं, बहुतेक तिळाचं गणित. हात आपला चालला होता. खोलीची एक बाजू संपली तेव्हा डोळ्यांना दिसलं, की सागवानी पट्टी कुठेच नाही. सबंध पट्टी शेणाखाली गेली होती.

मी कपाळावर हात मारला, तोही शेणाचा. पदराने पट्टी पुसायला गेले, तर तिच्या वरच्या कडेला बोट अडकलं नाही. मागची फट शेणाने भरून आली होती. मी नखाने टोकरून पाहिलं. घट्ट.

मग मी पुसणं सोडलं. परसातली चिकणमाती आणली, तीत भुसा आणि शेण कालवलं आणि चारी भिंतींच्या पट्ट्यांमागच्या फटी कोंबून कोंबून भरल्या. वरून, खालून, त्या करंट्या कोपऱ्यांतून. वर दोन हात सारवलं. संध्याकाळी हे आले आणि दारातच थबकले.

"पट्ट्या कुठायत?"

"आहेत. नऊवारी नेसून बसल्यात."

मला वाटलं होतं, आता गडगडणार. हे कोट न काढता खाली बसले आणि भिंतीच्या कडेने एक बोट फिरवत निघाले. दारापासून सुरू केलं, चारी कोपरे फिरून परत दाराशी आले. बोट कुठे आत गेलं नाही. मग माझ्याकडून पोरीला घेतलं आणि पहिल्यांदा जमिनीवर ठेवलं. ती तडक भिंतीकडे रांगत गेली आणि ओलं सारवण चाटून पाहिलं.

त्यानंतर आमचा एक वाद कायमचा झाला. हे म्हणायचे, फळी होती म्हणून माती ठरली. मी म्हणायचे, शेण नसतं तर फळी म्हणजे विंचवांची धर्मशाळा. मुलगी मधे बसून दोघांकडे आलटून पालटून पाहायची. विंचू मात्र त्या खोल्यांत पुन्हा दिसला नाही. तेवढ्याने वाद मिटण्यासारखा नव्हता.

बदली झाली तेव्हा मुलगी चांगली पळत होती. काकूंनी बजावलं, "तुमची लाकडं तुम्ही घेऊन जा बाई, पुढच्या भाडेकरूला मी काय सांगू?" ह्यांनी पहार घातली आणि पट्ट्या एकेक करून काढल्या. पाळणा टांगायचा त्या बाजूची भिंत सर्वांत वाकडी होती. तिथली पट्टी सुटली आणि मागच्या पोकळीतून, वाळलेल्या मातीबरोबर, एक विंचू खाली पडला. काळा. तळहाताएवढा. कधीचा मेलेला, नुसतं कवच राहिलेलं, नांगी अजून वर.

काकू पुढे वाकल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हा तर आमचा जुना!"

मी हसायला तोंड उघडलं आणि ह्यांच्याकडे पाहून मिटलं. हे गुडघ्यांवर बसले होते, एक हात भिंतीला लावून. मग उठले, अंगणात गेले आणि खेळणाऱ्या मुलीला उचललं. ती हातपाय झाडत "खाली सोडा, खाली सोडा" म्हणून ओरडू लागली. एवढी मोठी घोडी, पण टांग्यातही ह्यांनी तिला मांडीवरून उतरवलं नाही. नाशिकरोड येईस्तोवर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"तुमच्या फळीनेच अडवला," मी म्हणाले.

"नाही," हे म्हणाले, "तुझ्या शेणाने."