काळ्या रानासाठी चार टायर

लातूरच्या टायरवाल्याने मला टायर घेऊ नका असं सांगितलं, आणि त्याच क्षणी माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. दुकानदार असून दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी तिथूनच बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला सगळीकडेच पाणी मुरताना दिसतं.

तिचं खोटं नाही. भाजीवालीने वर एक टोमॅटो टाकला, तर मी घरी येऊन सगळे टोमॅटो दाबून बघतो. देवळात हात जोडून उभा असलो तरी माझा एक डोळा बाहेरच्या चपलांवर असतो. हा स्वभाव कुठून आला, मला माहीत नाही. वडिलांकडून तर नक्कीच नाही.

पण टायरची गरज खरी होती. मी लातुरात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. वडील एकटे गावी, अर्धापूरच्या पुढे, आमच्या केळीच्या मळ्यातल्या आखाड्यावर राहतात. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. डांबरी सडकेपासून आखाड्यापर्यंत पाऊण किलोमीटर गाडवाट आहे, सगळी काळ्या मातीतली. मागच्या पावसाळ्यात वडिलांचा डावा हात अचानक लुळा पडला. मी गाडी घेऊन सडकेवर, आणि ते पलीकडे आखाड्यावर. शेवटी चौघांनी त्यांना बाजेवर घालून गुडघाभर चिखलातून आणलं. हात बराचसा परत आला. पण नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वेळी निभावलं, पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही. वडील मळा सोडून लातूरला यायला तयार नव्हते. मला भीती वाटायची. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहितानासुद्धा वाटायची.

म्हणून उन्हाळाभर मी फोनवर टायरचे व्हिडिओ बघत बसलो. ऑल टेरेन टायर म्हणजे जाड नक्षीचे, रोज डांबरीवर पळणाऱ्या गाडीलाही चालणारे आणि चिखलातही मागे न हटणारे, असं सगळेच सांगत होते. सगळेच सांगतात म्हणजे सगळ्यांना कंपनीने फुकट टायर दिले असणार, हेही मी ओळखलं होतं. तरी बघत राहिलो, कारण माणसाला जे हवं असतं ते त्याला पटतंच.

लातूरचा तो दुकानदार औसा रोडला बसायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं शांत. आठवड्याला किती किलोमीटर, गाडीत माणसं किती, असं सगळं विचारून झाल्यावर त्याने विचारलं, "सर, शेवटची वाट मुरमाची हाय का काळ्या रानाची?"

मी काळ्या रानाची म्हणालो.

"मग घेऊ नका. दगडात, मुरमात हा टायर लई चांगला हाय. पण काळी माती नक्षीत भरली की ह्यो बी गुळगुळीत. त्या पैशात वाटेवर मुरूम टाकून घ्या."

मी मान हलवली आणि बाहेर येऊन हिशेब मांडला. एकतर माझ्या मापाचा टायर त्याच्याकडे नसणार, किंवा त्याच्या मेव्हण्याचा मुरमाचा टिपर असणार.

शिवाय मुरूम टाकायचा कुठे? आमची वाट चुलतभावाच्या बांधाला घासून जाते. तिथे ती जेमतेम बैलगाडीएवढी आहे आणि तिथेच पाणी साचतं. भर घालायची तर त्याच्या रानातून पाच फूट जागा मागावी लागणार. हा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि वाटण्या झाल्यापासून तो आमचा बांध कोरतो अशी माझी खात्री होती. मी दर दिवाळीला एकाच लिंबाखाली उभा राहून बांधाचा फोटो काढतो. पाच वर्षांच्या फोटोंत तसूभरही फरक दिसत नाही, यावरून तो किती सावधपणे कोरतो ते लक्षात यावं. त्याच्यापुढे तोंड उघडण्यापेक्षा टायर घेणं मला परवडलं.

घेतले ते नांदेडला. तिथल्या दुकानदाराने आधी चहा मागवला, मग म्हणाला, साहेब, गाडी नांगरटीत घाला, अशी लोण्यातून निघाल्यासारखी निघेल. हा माणूस खोटं बोलतोय हे मला लगेच कळलं आणि बरं वाटलं. खोटं बोलणाऱ्याला कसं धरायचं ते मला येतं. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या कडेला असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी चष्मा लावून, फोनचा उजेड पाडून, उकिडवा बसून चारही टायर तपासले. चौथा दोन वर्षांपूर्वीचा निघाला. दुकानदाराने कानाला हात लावून माफी मागितली आणि दुसरा आणून दिला. चोर रंगेहाथ सापडला या आनंदात मी पुढचं काही विचारलंच नाही. ज्याने मला फसवू पाहिलं त्याच्यावर मी विश्वास ठेवला आणि ज्याने खरं सांगितलं त्याच्यावर संशय घेतला. पण हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं.

टायर दिसायला मात्र झकास होते. कॉलेजात दोघांनी खाली वाकून बघितले. डांबरीवर ते घूं घूं आवाज करायचे, बायको म्हणायची, मागे गिरणी लावलीय का. गाडीचं ॲव्हरेज घसरलं तेव्हा मला पेट्रोल पंपाचा संशय आला आणि मी पंप बदलला.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी वडिलांना नांदेडला तपासणीला न्यायचं होतं. मी मुद्दामच त्यांना सडकेवर यायला सांगितलं नाही. आखाड्याच्या दारात गाडी लावतो, असं फोनवर ऐटीत सांगितलं. पहिले दोनशे मीटर गाडी गेलीसुद्धा, आणि मी एकटाच गाडीत हसलो. मग चुलतभावाच्या बांधाशी स्टेअरिंग हलकं झालं, गाडीने तोंड फिरवलं आणि ती बसली. उतरून बघितलं तर नक्षी दिसेना. चारही चाकं काळ्या मातीने लिंपून गुळगुळीत झाली होती. माझा एक बूट चिखलातच राहिला.

पाच मिनिटांत चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. पाच मिनिटांत कसा आला? म्हणजे हा केव्हापासून बघत उभा होता, हाच माझा पहिला विचार. त्याने साखळी अडकवली आणि गाडी मागच्या मागे सडकेपर्यंत ओढून काढली. मी त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधत होतो. सापडलं नाही, तेव्हा मनात म्हटलं, पठ्ठ्या हसू लपवतोय.

"दादा, तू हितंच थांब," तो म्हणाला. "काकाला मी आणतो."

त्याने वडिलांना मडगार्डवर बसवून आणलं. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हाताने वडिलांचा डावा हात घट्ट धरलेला. त्यांना माझ्या गाडीत नीट बसवून, पाय पुसायला स्वतःचा रुमाल देऊन तो गेला. मी आभारही मानले नाहीत.

अर्धापूर मागे पडल्यावर वडील म्हणाले, "त्यानं मागच्या दिवाळीलाच म्हटलं व्हतं. काका, माझ्या रानातून पाच फूट घ्या अन् मुरूम टाका."

मी गाडी कडेला घेतली. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तं तू मोजणी आणली असती. सरकारी माणूस, खुंट्या, पंचनामा. मग त्याला बी राग, तुला बी राग. म्हटलं, ऱ्हाऊ दे. हायत तितके दिवस निघतील असेच."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यांच्या जिवाच्या भीतीने मी तीन महिने टायर शोधत होतो, आणि ते माझ्या स्वभावाला भिऊन, अधू हात घेऊन, त्या चिखलापलीकडे गप्प बसून होते.

"पाऊस उघडला की मुरूम टाकू," मी म्हणालो. "मी स्वतः त्याच्याशी बोलतो."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "मोजणी न करता?"

मी हो म्हणालो. पण ते म्हणायला मला जो वेळ लागला, तो त्यांनी बघितला, आणि मान वळवून ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.