ओइवाने खोललेलं इंजिन

आमच्या हापासाल्मी गावात गाड्या दुरुस्त करणारे दोघे होते. टायर, ब्रेक, दिवे असली कामं कुणाकडेही जात. पण इंजिन खोलायची वेळ आली की लोक ओइवा केम्पाइननचंच दार वाजवायचे. युद्धात तो सैन्याचे ट्रक दुरुस्त करायला शिकला आणि परत आल्यावर बापाच्या गोठ्यातच त्याने वर्कशॉप थाटलं. लग्न केलं नाही. त्याच्याकडे घाई नसे. इंजिनाचे भाग सुटे झाले की तो ते रॉकेलने धुवायचा आणि जुन्या वर्तमानपत्रांवर क्रमाने मांडायचा. पहिला पिस्टन, त्याच्या रिंगा, त्याचा रॉड, मग दुसरा. क्रँक शाफ्टवरून तो अंगठ्याचं नख फिरवायचा. नख कुठे अडकलं की म्हणायचा, "इथे दुखतंय."

मी हिल्का, त्या भागातली फिरती नर्स. माझं सगळं काम गाडीवर. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात माझी गाडी निळा धूर सोडायला लागली, तेव्हा मी ती ओइवाकडे नेली.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"खोलल्यावर सांगतो."

"आमचे डॉक्टरही असंच म्हणतात."

"तुमचं अवघड आहे बाई. तुम्हाला माणूस चालू ठेवून दुरुस्त करावा लागतो. मी निदान किल्ली काढून ठेवू शकतो."

लाकडाचा ट्रक चालवणारा टाउनो तिथे कॉफी पीत बसला होता. तो म्हणाला, "हिल्का, याच्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्या ट्रकचं इंजिन याने इतके दिवस उघडं ठेवलं की आत चिमणीने घरटं केलं."

"ती चिमणी तुझ्यापेक्षा कमी बडबडायची," ओइवा म्हणाला.

रिंगा झिजल्या होत्या, बेअरिंगही गेले होते. त्याने सगळं नवं बसवलं. आठव्या दिवशी मी दारात उभी राहिले. दोन बाळंतिणी आणि एक मधुमेही म्हातारा माझी वाट बघत होते, आणि उसनी घेतलेली गाडी त्याच संध्याकाळी परत करायची होती. ओइवा इंजिनाच्या खालचं तेलाचं चेंबर बसवत होता. मी तिथेच उभी राहून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. संध्याकाळी गाडी घेऊन मी निघाले. इंजिन इतकं गुळगुळीत चालत होतं की रस्ताभर मी गुणगुणत होते.

जानेवारीतल्या एका सकाळी साइमी हेइक्किनेनचा फोन आला. तिच्या नवऱ्याची, कालेर्वोची, छाती दुखत होती, श्वास घेता येत नव्हता. ॲम्ब्युलन्स शहरातून यायची, सत्तर किलोमीटरवरून. मी बावीस किलोमीटरवर होते. ऑक्सिजन आणि औषधांची पेटी घेऊन निघाले. बाहेर उणे अठ्ठावीस होतं.

अर्ध्या वाटेवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला, मग लागूनच राहिला. असा दिवा लागला की थांबायचं, हे मला ठाऊक होतं. मी थांबले नाही. चार किलोमीटर गेल्यावर खालून हातोडी मारल्यासारखा आवाज सुरू झाला आणि इंजिन जाम झालं. पेटी उचलून मी चालायला लागले. किती वेळ चालले, आठवत नाही. पापण्यांवर बर्फ धरला होता. शेवटी मागून टाउनोचा ट्रक आला. त्याने मला वर ओढून घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा कालेर्वो स्वयंपाकघरातल्या बाकावर पडलेला होता. साइमीने त्याच्या अंगावर रजई टाकली होती. तो पंधरा मिनिटांपूर्वीच गेला होता.

गावात चर्चा व्हायचीच. "नर्सबाईंनी तेलच बघितलं नसणार," असं दुकानात कुणीतरी म्हणालं, आणि ते माझ्या कानावर आलं. मलाही तसंच वाटत होतं. तेल मी नक्की कधी बघितलं होतं, ते आठवेना. रात्री डोळे मिटले की तो लाल दिवा दिसायचा.

टाउनोने माझी गाडी ओढून ओइवाच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवली. चौथ्या दिवशी ओइवाचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाला.

मी गेले. एरवी चालू असणारा रेडिओ बंद होता. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली होती आणि त्यांवर माझं इंजिन. बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेले, एक रॉड निळा पडलेला.

"तेल पुरेसं होतं," ओइवा म्हणाला. "पहिल्यांदा तेच बघितलं. तेल मोजायच्या कांडीवर वरच्या खुणेपर्यंत होतं."

"मग?"

त्याने तेल ओढून घेणारी नळी माझ्यापुढे धरली. तिच्या तोंडाला चहाच्या गाळणीसारखी जाळी होती. जाळीवर रबरासारखे लाल तुकडे घट्ट बसले होते, श्वास जाईल एवढीही जागा नव्हती.

"ही पेस्ट आहे. चेंबरच्या कडेला लावतात, तेल गळू नये म्हणून. तुझ्या चेंबरची कड वाकली होती. ती ठोकून सरळ करायला हवी होती. मी केली नाही. वरून जाड पेस्ट फासली. जास्तीची आत गेली, सुटली आणि इथे येऊन बसली. तेल वर चढलंच नाही." नळी त्याने खाली ठेवली. "हे मी केलं, हिल्का."

"मी घाई केली होती. मी तुझ्या डोक्यावर उभी होते."

"पाना माझ्या हातात होता."

"आणि दिवा लागल्यावर मी थांबले नाही."

"थांबली असतीस तर कदाचित इंजिन वाचलं असतं. कालेर्वोकडे तरीही पोचली नसतीस." मग त्याने हात पुसले, कोट घातला. "चल. साइमीला सांगायचंय."

मी म्हटलं, आत्ता नको, अजून अंत्यविधीही झाला नाही. तो म्हणाला, "दुकानात लोक तुझ्याबद्दल बोलतायत. ती तेच ऐकून चर्चमध्ये जाईल."

साइमीने आम्हाला बसवलं, कॉफी ओतली, गोड पाव कापून ठेवला. ओइवाने टोपी मांडीवर धरून सगळं सांगितलं, मला दाखवलं होतं तसंच. कड, पेस्ट, जाळी.

"डॉक्टर म्हणाले, नर्स वेळेवर आली असती तरी तो वाचला असता, असं सांगता येत नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, बरं. देवाची मर्जी. आजपर्यंत मला कुणाचा राग नव्हता, ओइवा. आता आहे. हे कशाला आणून दिलंस मला?"

"कारण ते खरं आहे."

"जा तू. हिल्का, तू थांब."

तो गेला. कॉफीचा कप तसाच भरलेला राहिला.

ओइवाने महिनाभर वर्कशॉप उघडलं नाही. मग माझं इंजिन पुन्हा बांधलं. या वेळी मला दारातही उभं राहू दिलं नाही. जे घडलं ते त्याने स्वतःच दुकानात जाऊन सांगितलं होतं. काही गिऱ्हाइकं तुटली, बरीचशी परतली. साइमी मात्र चार वर्षं तिची गाडी सत्तर किलोमीटरवर शहरात नेत होती. चर्चमध्ये ती दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसायची.

पाचव्या वर्षी, मे महिन्यात, तिची गाडी ओइवाच्या अंगणात उभी राहिली. मी तेव्हा त्याचा रक्तदाब बघायला गेले होते. साइमी आत आली आणि म्हणाली, "हिचा आवाज ऐक. शहरातले म्हणतात, काही नाही."

त्याने बॉनेट उघडून ऐकलं. "खोलावं लागेल. बरेच दिवस जातील."

"जाऊ देत. पण मी बघणार."

ती रोज आली. तो एकेक भाग धुवून तिच्या हातात द्यायचा, ती तो उजेडाकडे धरायची. शेवटच्या दिवशी त्याने चेंबरची कड सपाट लोखंडावर ठेवून, कुठे फट दिसते का ते तिला बघायला लावलं. फट नव्हती. मग तो पेस्टची बारीक रेघ ओढायला लागला. ती म्हणाली, "सावकाश कर. मला कुठे जायचं नाहीये."

पुढे ओइवाचे डोळे अधू झाले आणि वर्कशॉप बंद पडलं. महिन्यातून एकदा त्याला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. साइमीच न्यायची. वाटेत काय बोलता, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तो इंजिन ऐकत बसतो."